पाकटाचा वास, पोटातलं पिल्लू आणि कापलेली शेपटी

निपाणीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. माहेर बेळगावात, तिथून परतताना कॅम्पातल्या मासळी बाजारातून त्यांनी पाकट, म्हणजे चपट्या अंगाचा, लांब शेपटीवर नांगी असलेला मासा (स्टिंग-रे) घेतला. घरी पिशवी उघडली तर लघवीसारखा उग्र वास. शेजारच्या काकांनी लगेच निकाल दिला, ‘मासा टिकावा म्हणून युरिया मारतात, टाकून द्या.’ ताईंनी टाकलं नाही, चिरायला घेतलं, तर पोटात गुंडाळी झालेलं एक पिल्लू निघालं आणि मग हात थांबला. त्यांचे प्रश्न असे: युरिया खरंच मारतात का? मासा असून पिल्लू कसं? विकणारे शेपटी कापूनच का देतात, शेपटीतलं विष मांसात उतरतं का? आणि सासूबाई म्हणतात तसं बाळंतिणीला हे चालतं का?

माझी नोकरी बंदरावर उतरलेली मासळी मोजण्यात, चिरून बघण्यात गेली. आता खानापुरात असतो, त्यामुळे घाट चढून आलेलं पाकट कसं दिसतं आणि कसं वास मारतं हेही रोजचंच आहे. वासापासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या गोष्टी त्याच्याशी कुठे ना कुठे जोडलेल्या आहेत.

युरिया आहे. शेजारचे काका तेवढ्यापुरते बरोबर. फक्त तो व्यापाऱ्याने घातलेला नाही, पाकट तो जन्मापासून अंगात घेऊन हिंडतं. तुमच्या चिकोडी-निपाणी भागात उसाला टाकतात त्या 45 किलोच्या गोणीतला आणि पाकटाच्या रक्तातला रेणू एकच. डॉक्टर आपल्याला ‘ब्लड युरिया’ तपासायला सांगतात. निरोगी माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तात तो साधारण 15 ते 40 मिलिग्रॅम असतो. पाकटाच्या तेवढ्याच रक्तात 2 ग्रॅमच्या आसपास. असा रिपोर्ट माणसाचा आला तर त्याला उभ्या उभ्या डायलिसिसला नेतील. पाकट मात्र त्याच्याच जोरावर समुद्रात जगतं.

कारण मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. बांगडा, सुरमई, पापलेट या काटेवाल्या माशांचं रक्त त्यामानाने फारच कमी खारट, समुद्राच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे त्यांच्या अंगातलं पाणी सतत बाहेर झिरपत राहतं. बांगडा अक्षरशः समुद्रात राहून तहानलेला असतो, खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकत बसतो. पाकट, मुशी, मोरी (म्हणजे शार्क) ही कुर्चेच्या सांगाड्याची मंडळी वेगळा मार्ग धरतात. रक्तात मीठ ती समुद्राइतकं ठेवत नाहीत, पण युरिया बाहेर न टाकता साठवून रक्ताची एकूण तीव्रता समुद्रापेक्षा किंचित वर नेतात. मग पाणी बाहेर जाण्याऐवजी हळूहळू आत येतं. पिण्याची गरजच संपली. आत शिरलेलं जादा मीठ गुदाशयाजवळची एक छोटी ग्रंथी बाहेर टाकते.

यात एक अडचण आहे. इतका युरिया प्रथिनांची घडी मोडतो. म्हणून पाकट त्याच्या जोडीला ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचं दुसरं द्रव्य साठवतं, साधारण दोन भाग युरियाला एक भाग. हे दुसरं द्रव्य प्रथिनांना सांभाळून घेतं. जिवंतपणी दोन्ही वासहीन. पाकट मेलं की जिवाणूंचं राज्य सुरू होतं, ते युरिया फोडून अमोनिया करतात आणि दुसऱ्या द्रव्याचं ट्रायमिथिलअमाइन, म्हणजे ज्याला आपण ‘मासळीचा वास’ म्हणतो ते. ओल्या जमिनीवर युरिया फेकून वर माती ओढली नाही तर रानात जो झोंबरा वास सुटतो, तोही जिवाणूंनी युरिया फोडल्याचाच. तुमच्या पिशवीत आणि उसाच्या सरीत रसायन एकच घडत होतं.

आता आपल्या भागाचं बघा. मालवणात किंवा पणजीला संध्याकाळी होडीतून उतरलेलं पाकट रात्री जेवणात असतं, त्यांना हा वास फारसा माहीत नसतो. बेळगावला येणारी मासळी चोर्ला, आंबोली नाहीतर अनमोडचा घाट चढून शंभर-सव्वाशे किलोमीटर येते. त्याआधी मोठा ट्रॉलर कित्येकदा बरेच दिवस समुद्रात असतो आणि पहिल्या दिवशी धरलेलं पाकट बर्फात तळाला पडलेलं असतं. तिथून बेळगाव, तिथून तुमच्या पिशवीतून निपाणी. वास यायला आणखी काय पाहिजे?

काकांना सांगायला एक साधी पारख देतो. त्याच टोपलीतल्या ताज्या दिसणाऱ्या बांगड्याला किंवा सुरमईला अमोनियाचा वास येत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे, कारण त्यांच्या अंगात साठवलेला युरिया नसतो. फक्त पाकटाला आणि मोरीला येत असेल तर तो त्यांचा स्वतःचा.

पण स्वतःचा आहे म्हणून काहीही खावं असंही नाही. नाक जवळ नेल्यावर हलका वास येतो आणि धुतल्यावर जातो, ते खायला हरकत नाही. पिशवी उघडताच डोळ्यांत पाणी येतं, ते जुनं. ते बाजारातच परत करायचं, घरी आणून कोकम घालून सुधारत नाही. पाकट घेताना उलटं करून मागा. पोटाकडची बाजू स्वच्छ पांढरी हवी. कडा पिवळट किंवा लालसर झाल्या असतील, बोटाने दाबलेला खळगा तसाच राहत असेल, अंगावरचा बुळबुळीतपणा पारदर्शक न राहता गढूळ, दोरे सुटणारा झाला असेल तर सोडून द्या. घरी आणलं की आधी कातडी. उकळतं पाणी ओतून सुरीने खरवडली की वरचा चिकट थर आणि खरखरीत कण निघतात. मग तुकडे करून थंड मिठाच्या पाण्यात अर्धा तास, पाणी फेकून पुन्हा एकदा. युरिया पाण्यात सहज विरघळतो, तो असाच निघून जातो. उरलासुरला अमोनिया आंबटाने बसतो, अमोनिया अल्कधर्मी, आंबट आम्ल. गोव्यात मोरी आणि पाकट ‘आंबट-तिख’ नावाच्या कालवणात घालतात त्यामागे चव आहेच, पण हे रसायनही आहे.

आता पिल्लू. हात थांबला हे मी समजू शकतो.

पाकट अंडी घालत नाही. अंडं मादीच्या पोटातच फुटतं आणि पिल्लू तिथेच वाढतं. आधी अंड्यातला बलक पुरतो. तो संपला की गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर बारीक लालसर तंतू वाढतात आणि त्यांतून दाट, पांढरट स्राव पाझरू लागतो. त्यात चरबी आणि प्रथिनं भरपूर असतात, शास्त्रज्ञही त्याला गर्भाशयातलं दूधच म्हणतात. पिल्लू ते पितं, शोषून घेतं. नाळ वगैरे काही नाही. पुन्हा कधी पोट उघडलंत तर नीट बघा, अनेक जातींत डावीकडचंच गर्भाशय काम करत असतं, उजवीकडचं नावापुरतं.

पिल्लू गुंडाळलेलं का, तर दोन्ही बाजूंचे पंख पोटावर विड्याच्या पानासारखे दुमडून घेतल्याशिवाय त्याला बाहेर येताच येणार नाही. त्याच्या शेपटीवर नांगी असते, पण ती मऊ, वरून आवरण असलेली, म्हणून आईला इजा होत नाही. बाहेर पडल्यावर पंख उलगडतात आणि पिल्लू पहिल्या तासापासून स्वतःचं स्वतः बघतं. आई त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

तुम्ही लिहिलंय की पाकट वीत-दीड वीत रुंद, वरून तपकिरी, खालून पांढरं होतं. म्हणजे ते मोठ्या जातीचं पिल्लू नसावं, लहान जातीची पूर्ण वाढलेली मादी असावी. ब्रेव्हिट्रायगॉन हा लहान पाकटांचा गट आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात भरपूर येतो. पूर्वी ती हिमांटुरा या मोठ्या गटात धरत, 2016 मध्ये त्यांना वेगळं काढलं. एका खेपेला यांना एक, फार तर दोन पिल्लं. बांगड्याची एक मादी लाखाच्या घरात अंडी सोडते, त्यातली बहुतेक मरतात हे खरं, पण हिशेबच वेगळ्या पातळीवरचा आहे. बांगड्याचा एखादा हंगाम बुडाला तरी पुढचा हंगाम भरून काढू शकतो. पाकटाला ते जमत नाही. जाळ्यात सापडलेल्या माद्या घाबरून, गुदमरून ट्रॉलरच्या डेकवरच पिल्लं टाकतात, हे मासेमारांनाही ठाऊक असतं. पूर्ण दिवस भरलेलं, हालचाल करणारं पिल्लू असेल तर काही जण ते पाण्यात सोडतात.

नर-मादी ओळखणं सोपं आहे. शेपटीच्या बुडाशी पोटाकडून बोटासारखे दोन अवयव दिसले तर नर. पिल्लू नको असेल तर नर मागा. विकणारी पहिल्यांदा हसेल, दुसऱ्यांदा आपणहून दाखवेल.

ताईंनी विचारलं नाही, पण पुढच्या वेळी चिरण्याआधी एक गोष्ट बघाच. पाकट उलटं केलं की पोटाकडून हसरा चेहरा दिसतो, पोरं म्हणतात बघ कसं बघतंय. ते डोळे नव्हेत, नाकपुड्या आहेत. डोळे वरच्या बाजूला. तोंड खाली आणि डोळे वर, म्हणजे आपण काय खातोय ते पाकटाला कधीच दिसत नाही. मग ते खातं कसं? तोंडाभोवतीची पांढरी कातडी उजेडात तिरकी धरा. सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतील. अंगठ्याने हळूच दाबलं तर त्यांतून पारदर्शक जेली वर येते. 1678 मध्ये लोरेन्झिनी या इटालियन माणसाने ही छिद्रं आणि त्यांच्या आतल्या नळ्या वर्णन करून ठेवल्या, आजही त्यांना त्याचंच नाव आहे. पण त्या कशासाठी हे कळायला जवळपास तीनशे वर्षं लागली. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या अंगाभोवती अतिशय क्षीण विद्युतक्षेत्र असतं, आणि या जेली भरलेल्या नळ्या ते ओळखतात. 1971 मध्ये काल्माइन या संशोधकाने दाखवलं की वाळूत पुरलेला मासा मोरी-पाकट वर्गातले मासे त्याच्या विद्युतक्षेत्रावरून शोधतात. त्याने वास अडवला, हालचाल अडवली, तरी मासा सापडला. मग वाळूखाली विजेची तार ठेवली तर ते तारेवर तुटून पडले!

एवढंच नाही. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या एका जातीत नर वाळूत दडलेली मादीसुद्धा याच जाणिवेने शोधतो. मीलनात नर मादीच्या पंखाची कड दातांनी धरतो. अटलांटिक किनाऱ्याच्या एका पाकटात तर एरवी चपटे असणारे नराचे दात हंगामात टोकदार होतात आणि हंगाम सरला की पुन्हा चपटे. मादीच्या पंखांवर जुन्या चाव्यांचे वण दिसले तर ते असे आलेले असू शकतात.

दात एरवी चपटेच, फरशीच्या ओळीत बसवलेले, कारण काम दळायचं आहे. कोळंबी, खेकड्याची पिल्लं, गाळातले किडे, लहान शिंपले. पाकट गाळावर बसतं, पंखांची कड थडथडवून आणि तोंडाने पाण्याचा फवारा मारून खड्डा करतं आणि उघड्या पडलेल्या जिवाला तोंडात ओढतं. एरवी वाळू अंगावर उडवून पडून राहतं, फक्त डोळे आणि डोळ्यांमागची दोन भोकं उघडी. ती भोकं कानाची नव्हेत. पोट गाळाला टेकलेलं असताना तोंडाने पाणी घेतलं तर गाळ कल्ल्यांत जाईल, म्हणून श्वासाचं पाणी वरच्या या भोकांतून आत आणि खालच्या पाच-पाच चिरांतून बाहेर.

हा गाळ कुठून येतो, तर थोडा आपल्याकडूनही. म्हादई आमच्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावते आणि मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते. पावसात डोंगराची माती घेऊन जाते. किनाऱ्यावरच्या अनेक जातींच्या पाकटांना अशा खाड्यांची तोंडं आणि उथळ, गढूळ पाणी आवडतं, लहान पिल्लं तिथे लपतातही. म्हादईच्या पाण्यावरून राज्याराज्यांत इतकी वर्षं भांडण चाललंय, त्यात पाकटाची बाजू मांडायला कुणी वकील उभा राहिलेला नाही. खाडीत पाणी कमी खारट असतं तेव्हा पाकट रक्तातला युरिया थोडा कमी करून जुळवून घेतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली पाकटं तर पिढ्यान्पिढ्या गोड्या पाण्यात राहिली आणि त्यांनी युरिया साठवणंच सोडून दिलं. आपल्या बाजारातलं पाकट मात्र कणकुंबीला मलप्रभेत सोडलं तर युरियामुळेच मरेल, अंगात पाणी शिरत राहील आणि ते उपसणं त्याला झेपणार नाही.

शेपटीचा प्रश्न. शेपटी मासेमार डेकवरच छाटतात, आपल्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. नांगी शेपटीच्या टोकाला नसते, मध्याच्या अलीकडे वरच्या बाजूला असते. दातासारख्या कठीण पदार्थाची, दोन्ही कडांना मागे वळलेले करवती दाते. आत जाताना सरळ जाते, बाहेर येताना फाडत येते. विष तिच्या वरच्या कातडीत असतं, पिशवी वगैरे नसते. नांगी घुसली की ते आवरण फाटतं आणि विष जखमेत उतरतं. मेलेल्या पाकटाची नांगीही तितकीच घातक, म्हणून जाळं सोडवायच्या आधी शेपटी तोडतात. मांसात विष नाही, उतरतही नाही.

आपल्याकडची मंडळी शनिवार-रविवारी गोव्याला, कारवारला, मालवणला जातात म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पाकट स्वतःहून कुणाच्या मागे लागत नाही. त्याच्यावर पाय पडला तर शेपटी वर मारतं, घोट्याच्या आसपास. गुडघाभर पाण्यात वाळूवरून चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या, थरथर जाणवली की ते स्वतःच निघून जातं. लागलंच तर पाण्याबाहेर या, जखम धुवा आणि पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, 45 अंशांच्या आसपास. अर्धा ते दीड तास, पाणी निवेल तसं बदलत. विष प्रथिनाचं असतं, उष्णतेने निकामी होतं, कळ पुष्कळ उतरते. पाणी आधी दुसऱ्याने स्वतःच्या हाताने बघावं, लागलेल्या पायाला कळेपुढे चटका समजत नाही. त्यानंतरही दवाखाना चुकवू नका. नांगीचा तुकडा आत राहिला असेल तर जखम चिघळते, एक्स-रे लागतो, धनुर्वाताचं इंजेक्शनही. आणि छातीत किंवा पोटात नांगी घुसलेली असेल तर ती जागेवर उपसायची नाही, तशीच घेऊन इस्पितळ गाठायचं. ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह आयर्विन 2006 मध्ये छातीत नांगी घुसूनच गेले. असं क्वचित होतं, पण होतं.

ताईंनी प्रश्नाच्या शेवटी भीत भीत विचारलंय की पोटुशी मादी चिरली, यात कायद्याचं काही नाही ना. साधं पाकट खाण्या-विकण्यावर बंदी नाही. करवत मासा आणि अंगभर काटे असलेलं काटेरी पाकट या जातींना 2001 पासून वाघाच्या बरोबरीचं, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. त्या आपल्या बाजारात सहसा दिसायच्या नाहीत, दिसल्या तर घेऊ नका. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलर बंद असतात. त्या काळात बेळगावात पाकट दिसलं तर ते एक तर लहान होडीचं असतं, नाहीतर पूर्व किनाऱ्याहून आलेलं किंवा बर्फात मुरलेलं. वर लिहिलेल्या पारखी तेव्हा जास्त काटेकोरपणे लावा. कारवारकडून आलेली विकणारी असेल तर ‘तोरके’ म्हणून मागा, पटकन कळेल.

राहिल्या सासूबाई. कोकणात बाळंतिणीला लहान मोरी लसूण घालून देतात, तीच सवय पाकटाला लागली असणार. प्रथिनं चांगली, काटा नाही, ताजं असेल तर पोटाला हलकं. एवढ्यापुरतं त्यांचं ऐका. मोठ्या मोरीत मात्र पारा साचलेला असतो, म्हणून ती गरोदरपणी आणि अंगावर पाजताना टाळतात. मोठं पाकटही मी त्याच कारणाने देणार नाही. लहान, ताजं, दोनदा पाण्यात घालून धुतलेलं चालेल, पण तुमच्या पिशवीतलं इतका वास मारणारं नको. ते आता बागेत पुरा, वर भरपूर माती ओढा, नाहीतर काका पुन्हा येतील.